कॅन्सरची गाठ काढली, आता पाय सुजतोय : मेलॅनोमाच्या ऑपरेशननंतरची सूज आणि रोजचं जगणं

घरात कोणाचं त्वचेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, सोबत जांघेतल्या नाहीतर काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढल्यात, टाके सुकले, रिपोर्ट आले, सगळे म्हणाले सुटलो एकदाचे, आणि मग काही महिन्यांनी तोच पाय किंवा हात फुगायला लागला, अशा लोकांसाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. माझ्या काकूच्या टाचेला मेलॅनोमा (त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार) झाला होता, जांघेतल्या गाठी काढल्या, आणि तिच्या पायाचं सगळं मी बघते. त्यामुळे लिहिताना पायाबद्दल जास्त येईल, हाताचं जिथे वेगळं आहे तिथे सांगेन.

आपल्याकडे मेलॅनोमा तसा कमी, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, टाचेला किंवा नखाखाली होतो, आणि तिथे काळा डाग दिसला की लोक म्हणतात काटा रुतला असेल, कुरूप असेल, नख ठेचलं असेल. बॉब मार्लीला झाला तो पायाच्या बोटाच्या नखाखालीच, १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी गेला माणूस. त्वचेच्या कॅन्सरचा दुसरा एक प्रकार आपल्याकडे दिसतो तो म्हणजे जुन्या जळालेल्या व्रणावर कित्येक वर्षांनी होणारा स्क्वॅमस सेल कॅन्सर, त्यातही जांघेतल्या गाठी काढाव्या लागू शकतात आणि मग पुढची कथा सारखीच.

सूज का येते ते थोडक्यात. पायातून रक्ताबरोबर अजून एक पाणी परत वर जात असतं, त्याला लिम्फ म्हणतात, त्यात प्रोटीन असतं, पेशींचा कचरा असतो, आणि ते जांघेतल्या गाठींमधून गाळून पुढे जातं. गाठी काढल्या म्हणजे धानाच्या बांधीची मोरीच बुजवली असं समजा, पाणी येत राहतं, निघायला वाट अपुरी. शरीर आडवाटा शोधतं, काहींच्या पुरतात आणि काहींच्या नाही पुरत. म्हणून एकाच वॉर्डातल्या दोन पेशंटपैकी एकाला काहीच होत नाही आणि दुसऱ्याचा पाय खांबासारखा होतो, यात कोणी काळजी घेतली नाही असा हिशोब लावू नका. काखेपेक्षा जांघेच्या ऑपरेशननंतर सूज जास्त येते, आणि बहुतेकांना पहिल्या एकदोन वर्षात दिसते, पण उशिरा पण येऊ शकते.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर हे आधी वाचा

एमएसएलटी-२ नावाची मोठी ट्रायल २०१७ मध्ये छापून आली. ज्यांच्या सेंटिनल गाठीत (म्हणजे कॅन्सर सगळ्यात आधी जिथे पोचतो ती गाठ) मेलॅनोमा सापडला होता त्यांचे दोन गट केले. एका गटात लगेच उरलेल्या सगळ्या गाठी काढल्या, दुसऱ्यात ठराविक काळाने सोनोग्राफी करत नुसतं लक्ष ठेवलं. मेलॅनोमाने दगावण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, पण सूज मात्र पहिल्या गटात २४.१ टक्के लोकांना आली आणि दुसऱ्यात ६.३ टक्के. म्हणजे सर्जनला सरळ विचारायचं की सगळ्या गाठी काढणं गरजेचंच आहे का, लक्ष ठेवून चालेल का. गाठ हाताला लागत असेल किंवा स्कॅनमध्ये स्पष्ट दिसत असेल तर गणित वेगळं असतं आणि तिथे काढावीच लागू शकते, ते सर्जननेच ठरवायचं. पण विचारायला लाजू नका, डॉक्टर काही खात नाहीत.

आणि ऑपरेशनच्या आधीच दोन्ही पायांचं माप घेऊन ठेवा. नंतर हे माप सोन्यासारखं कामी येतं.

स्टेप १ : ही सूज नक्की कशाची ते आधी ठरवा

सूज आली की घरचे, शेजारचे, औषधाच्या दुकानातला पोरगा, सगळे निदान करतात. तुम्ही कोणाचं ऐकू नका, आधी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा, कारण याच पायात अजून तीन गोष्टी लपलेल्या असू शकतात.

पहिली, शिरेत रक्ताची गुठळी. कॅन्सरच्या पेशंटला याचा धोका जास्त असतो. एकदोन दिवसात अचानक सूज, पोटरी दुखते, पाय गरम लागतो, तर त्याच दिवशी डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) करून घ्यायची, आणि सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर सरळ इमर्जन्सीत. गुठळी आहे की नाही हे कळल्याशिवाय पायाला मालिश नाही, पट्टी नाही.

दुसरी, कॅन्सर परत आलाय का. चांगली आटोक्यात असलेली सूज काही कारण नसताना एकदम वाढली, पाय खूप दुखायला लागला, जांघेत नवीन गाठ लागली, किंवा जखमेपासून जांघेपर्यंतच्या पट्ट्यात कातडीवर किंवा कातडीखाली छोटे छोटे दाणे आले, काळे, निळसर, कधी कातडीच्याच रंगाचे, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

तिसरी आमच्या भागातली खास. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर हा सगळा हत्तीरोगाचा पट्टा, त्यामुळे फुगलेला पाय दिसला की लोक म्हणतात हत्तीपाय झाला, डीईसीच्या गोळ्या घ्या. त्या गोळ्या हत्तीरोगाच्या जंतूवर आहेत, गाठी काढल्यामुळे आलेल्या सुजेला त्यांचा काही उपयोग नाही. पण या पट्ट्यात आधीपासून इन्फेक्शन असू शकतं, म्हणून शंका असेल तर रात्री रक्त घेऊन तपासणी करतात ती करून टाकायची म्हणजे तो विषय संपतो. गोळ्या वाटपाची मोहीम घरी आली तर त्यांना कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असल्याचं सांगा आणि डॉक्टरांना विचारूनच घ्या.

घरी करता येईल अशी एक खूण आहे. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी वरची कातडी चिमटीत धरून उचलून बघायची. उचलली जात नसेल, जाड लागत असेल, तर लिम्फची सूज असण्याची शक्यता बरीच. उचलली गेली म्हणजे सूज नाहीच असं मात्र नाही. सुरुवातीला तर नुसता पाय जड वाटतो, चप्पल एकाच पायाला घट्ट होते, संध्याकाळी मोज्याचा वळ खोल उठतो आणि सकाळी सगळं नॉर्मल. ही वेळ सोडू नका, इथे जे जमतं ते पुढे कातडी टणक झाल्यावर जमत नाही.

स्टेप २ : माप आणि एक कागद

शिंप्याची टेप घ्या. माप सकाळी, उठल्या उठल्या, शक्यतो दर वेळी एकाच माणसाने घ्यायचं. काकूला पलंगावर पाय सरळ करून बसवते, घोट्याच्या आतल्या हाडाच्या टोकापासून वर १०, २०, ३० सेंटीमीटरवर पेनाने खुणा, मग गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १० आणि २० वर, शिवाय पावलाच्या मधोमध एक. टेप कातडीला टेकली पाहिजे, कातडीत रुतली नाही पाहिजे, आणि दर वेळी खुणेच्या एकाच बाजूला धरायची. दोन्ही पाय मोजायचे, कारण वजन वाढलं तर दोन्ही वाढतात आणि आपल्याला फरक बघायचाय. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, नंतर महिन्यातून एकदा बास, रोज मोजलं की डोकं फिरतं. दोन पायांच्या मापात २ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक दिसायला लागला किंवा आधीचा फरक वाढत गेला तर फोन करायचा.

आता कागद. मला विचाराल तर टेपपेक्षा हा महत्त्वाचा आहे. त्यावर पेशंटनेच सांगायचं की या सुजेमुळे माझं काय बंद पडलं, आणि त्यातलं मला काय परत पाहिजे. काकूच्या कागदावर पहिलं नाव होतं रोवणीचं, म्हणजे धानाच्या लावणीचं. दुसरं, नातीच्या लग्नात जोडवी घालून उभं राहणं. मांडी घालून जेवायला बसणं तिसरं. सूज किती सेंटीमीटर उतरली पाहिजे याबद्दल तिने एक शब्द काढला नाही. आणि खरं सांगायचं तर पुढची सगळी ट्रीटमेंट आम्ही या कागदाभोवती बसवली म्हणून ती टिकली, कारण रोज सकाळी घट्ट मोजा चढवायला माणसाला काहीतरी कारण लागतं आणि "पाय बारीक राहावा" हे कारण पंधरा दिवसात पातळ होतं. परदेशात यासाठी लिम्क्वॉल नावाची प्रश्नावली वापरतात, त्यात पण हेच विचारतात, चालता येतं का, वाकता येतं का, कपडे होतात का, दिसण्याचा त्रास वाटतो का, झोप, चिडचिड, आणि शेवटी एकूण जगणं शून्य ते दहामध्ये किती. तुम्ही साध्या वहीत दर तीन महिन्यांनी हा दहापैकी आकडा लिहून ठेवा. माप तेच राहून आकडा चारावरून सातावर जाऊ शकतो, आणि उलटंही होतं.

स्टेप ३ : थेरपिस्ट शोधा, पट्ट्या शिका

या सुजेला लिम्फेडेमा म्हणतात आणि तिची मुख्य ट्रीटमेंट म्हणजे सीडीटी (कम्प्लीट डिकंजेस्टिव्ह थेरपी). दोन टप्पे. पहिल्यात काही आठवडे रोज किंवा जवळपास रोज हलक्या हाताचं ड्रेनेज (लिम्फ वर सरकवायचं मालिश), त्यावर थरांची पट्टी, व्यायाम, कातडीची निगा, आणि पाय उतरला की दुसऱ्या टप्प्यात मापाचा स्टॉकिंग (दाब देणारा घट्ट मोजा), तो आयुष्यभर. हो, आयुष्यभर. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर माणूस महिनाभर करतो, पाय उतरतो, सोडून देतो आणि सूज परत येते.

मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी विभागात चौकशी करा. फोनवरच विचारा की लिम्फेडेमाचे पेशंट नेहमी बघता का, शॉर्ट स्ट्रेच (कमी ताणणारी) पट्टी करता का. "ये, मशीन लावून देऊ" एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. लांबून रोज येणं जमणार नसेल (आम्हाला भंडारा ते नागपूर रोज शक्यच नव्हतं) तर तसं सांगायचं, बरेच थेरपिस्ट घरातल्या एकाला पट्टी शिकवतात आणि मध्ये मध्ये बोलावून तपासतात.

पट्टी चालू करण्याआधी दोन गोष्टी क्लिअर करून घ्या. डायबेटिस, तंबाखू, बिडी, पायाला गोळे येणं असं काही असेल तर पायाच्या धमन्यांचा रक्तप्रवाह तपासून घ्यायचा, कमी असेल तर दाब धोक्याचा. हार्ट फेल्युअर असेल तर हार्टच्या डॉक्टरांना विचारायचं. आणि टाचेवर किंवा तळव्यावर ग्राफ्ट (दुसरीकडची कातडी) लावलेला असेल तर तिथली कातडी नाजूक आणि बऱ्याचदा बधिर असते, पट्टी रुतलेली कळतच नाही, म्हणून सर्जनची परवानगी आणि त्या जागेला वेगळं पॅडिंग.

मेडिकलमध्ये मुरगळलेल्या पायासाठी जी क्रेप बँडेज मिळते ती इथे चालत नाही. ती खूप ताणली जाते, बसल्या जागी पाय आवळते आणि चालताना स्नायू फुगला की सैल पडते. आपल्याला नेमकं उलटं पाहिजे, म्हणजे चालताना स्नायू ज्याच्यावर दाबला जाईल असं कमी ताणणारं कापड, तेच शॉर्ट स्ट्रेच. क्रम असा असतो की आधी क्रीम, मग सुती नळीसारखा मोजा, मग बोटं एकेक करून पातळ गॉजने (करंगळी सोडली तरी चालते), मग कापसाचा किंवा फोमचा थर, घोट्याच्या खळग्यात जास्त, आणि त्यावर पट्ट्या, पावलाला अरुंद आणि मांडीकडे रुंद. पाऊल काटकोनात धरायचं, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर, घोट्याजवळ दाब जास्त आणि वर जाताना कमी. उलटा दाब झाला, म्हणजे वर घट्ट आणि खाली ढिला, तर पाऊल फुग्यासारखं फुगतं. झाल्यावर बोटं बघायची. निळी पडली, गार झाली, मुंग्या आल्या, ठणका लागला तर काही न विचारता सोडायची, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

हे सगळं व्हिडिओ बघून स्वतःच सुरू करू नका. पहिल्यांदा थेरपिस्टसमोर तुम्ही बांधायची आणि त्यांनी चुका काढायच्या, असंच शिका.

स्टेप ४ : स्टॉकिंग

माप पाय उतरल्यावर घ्यायचं, सुजलेल्या पायाचं नाही. जांघेचं ऑपरेशन असेल तर नुसता गुडघ्यापर्यंतचा मोजा बहुतेक वेळा पुरत नाही, मांडीपर्यंत किंवा कमरेपर्यंतचा लागतो, नाहीतर गुडघ्यावर वळी साचते. पायाला बऱ्याचदा क्लास २ देतात, म्हणजे २३ ते ३२ एमएमएचजी दाब, पण तुमचा आकडा तुमच्या थेरपिस्टचा. गोल विणलेले रेडीमेड स्वस्त पडतात आणि पाय वेडावाकडा नसेल तर चालतात, आकार बिघडलेला असेल तर मापाचे फ्लॅट निट (सपाट विणून शिवलेले) घ्यावे लागतात, ते महाग आहेत, उगाच गोड बोलत नाही. हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला नक्की भेटा, ट्रस्टच्या मदतीचे रस्ते त्यांना माहिती असतात. दोन जोड पाहिजेतच, एक धुवायला एक घालायला, आणि साधारण सहा महिन्यांनी इलॅस्टिक मरतं तेव्हा बदलायचे, फाटायची वाट बघायची नाही.

घालायची वेळ सकाळी, पलंगावरून पाय खाली सोडायच्या आधी. भांडी घासायचे रबरी ग्लोव्हज हातात घाला, पकड इतकी छान येते की तिथेच अर्धं भांडण मिटतं. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत, मग थोडा थोडा वर, वरच्या काठाला धरून खेचायचं नाही. वर जास्त झाला म्हणून दुमडायचा तर अजिबात नाही, दुमडलेली कड मांडीला दोरीसारखी आवळते. रात्री काढायचा, तेव्हा क्रीम किंवा तेल लावायचं, सकाळी तेलकट पायावर चढवला तर सरकतो आणि कापड पण खराब होतं. साध्या साबणाने हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा, इस्त्री नाही.

उन्हाळ्याचं काय, हा प्रश्न विदर्भात पारा ४५ वर असताना पेशंट विचारतोच, आणि रागाने विचारतो. बाहेरची कामं सकाळी उरका, दुपारी घालूनच पंख्या-कूलरसमोर पाय वर करून पडा, स्प्रेच्या बाटलीने मोज्यावरूनच पाणी मारा, गार वाटतं. दुपारी एखाद तास काढून झोपलात तर थेरपिस्टला सांगून तसं ठरवून घ्या. काकूचं म्हणणं, चैत्र-वैशाखात मोजा म्हणजे शिक्षा, आणि ते खरंच आहे. पण उन्हाळ्यातच सूज सगळ्यात जास्त वाढते, त्यामुळे तेव्हाच सोडून चालत नाही.

स्टेप ५ : कातडी, आणि सेल्युलायटिसची तयारी

सुजेपेक्षा माणसाला आडवं पाडतं ते कातडीचं इन्फेक्शन, म्हणजे सेल्युलायटिस. साचलेल्या लिम्फमध्ये जंतू गेला की बघता बघता थंडी वाजून ताप, पाय लाल, गरम, दुखरा. आणि एकेक अटॅक उरलेल्या नळ्या खराब करतो, म्हणजे पुढची सूज वाढते, पुढची सूज वाढली की पुढचं इन्फेक्शन जवळ येतं.

जंतू शिरतो कुठून? बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या. टाचेच्या भेगा. नखं कोपऱ्यात खोल कापणं. अनवाणी अंगणात जाणं. खाजवलेला डास. म्हणून रोज धुऊन प्रत्येक बेचकं कोरडं पुसायचं, पावसाळ्यात तर दिवसातून दोनदा, कातडी पांढरी पडून सोलायला लागली की लगेच डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं क्रीम लावायचं आणि बरं वाटलं तरी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. नखं सरळ कापायची. तळवा बधिर असेल तर रोज रात्री आरसा धरून बघायचा. घरात पण चप्पल.

आणि कृपा करून बिब्बा लावू नका. पाय दुखतो, भेगा पडल्या, सूज आली, आपल्याकडे काहीही झालं की कोणीतरी आजी बिब्बा घेऊन बसते, त्याने कातडी भाजून फोड येतात आणि या पायाला तो फोड म्हणजे हॉस्पिटलची चिठ्ठी. डाग देणं, जळवा, विटेचा शेक, गरम पाण्याची पिशवी, जोर लावून तेलाचं मालिश, हे सगळं बंद. मालिशवाल्या बाईला वाईट वाटलं तर वाटू द्या.

अटॅक आलाच तर काय करायचं हे आधीच लिहून फ्रिजवर लावा. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारायची आणि वेळ लिहायची, म्हणजे वाढतेय की नाही हे कळतं. ताप मोजायचा. त्याच दिवशी डॉक्टर आणि अँटिबायोटिक, उद्यावर ढकलायचं नाही, आणि थंडी वाजत असेल, उलट्या होत असतील, माणूस गळून गेला असेल किंवा लाली रेघ ओलांडून पळत असेल तर ॲडमिट. तेवढे दिवस ड्रेनेजचं मालिश आणि मशीन बंद, पाय उशीवर, दाब सहन होत नसेल तर मोजा काढायचा आणि सहन व्हायला लागला की लगेच परत घालायचा. वर्षातून दोन किंवा जास्त वेळा होत असेल तर रोजची छोटी अँटिबायोटिक ठेवायची का हे डॉक्टरांना विचारा, तशी पद्धत आहे. इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी ट्रीटमेंट) चालू असेल तर ताप आणि पुरळ दोन्ही कॅन्सरच्या डॉक्टरांना कळवायचंच.

स्टेप ६ : हलायचं

"पाय सुजलाय, आराम कर" हा सल्ला प्रेमाचा असतो पण चुकीचा असतो. पोटरीचा स्नायू हाच पंप आहे, तो चालला पाहिजे, आणि मोजा किंवा पट्टी घालून चालला पाहिजे. चालणं, पाऊल वर-खाली, घोटा गोल फिरवणं, खुर्चीत बसून उठणं, एवढ्याने सुरुवात. थोडं थोडं वाढवायचं आणि दुसऱ्या दिवशी पाय जड वाटला तर एक पायरी खाली यायचं. वजन उचलू नये असं जुने लोक हाताच्या सुजेला सांगायचे, पण स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांवर २००९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात हळूहळू वाढवत वजन उचलल्याने सूज वाढली नाही, उलट बळावण्याचे प्रकार कमी झाले. म्हणजे भरलेली कळशी पहिल्याच दिवशी नाही, पण कधीच नाही असंही नाही.

सोबत पोटाने श्वास. हात पोटावर, नाकाने घेताना पोट वर, तोंडाने सोडताना खाली, पाच-सात वेळा. लिम्फची मोठी नळी पोटातून छातीत जाते, या श्वासाने तिला ओढ मिळते. मग स्वतःचं ड्रेनेज, थेरपिस्टने दाखवलं असेल तसं. तत्त्व एवढंच की आधी वरचा रस्ता मोकळा करायचा, त्याच बाजूची काख, कमरेची बाजू, आणि नंतर मांडीच्या बाहेरून वर सरकवत न्यायचं. हात इतका हलका की कातडी फक्त सरकली पाहिजे. दुखलं म्हणजे जास्त फायदा झाला असं इथे होत नाही.

वजन. टाळता येत नाही हा विषय. लठ्ठपणाने ही सूज नक्की बिघडते. आणि सूज आली म्हणून डाळ, अंडी बंद करू नका, लिम्फमधलं प्रोटीन ताटातलं प्रोटीन कमी केल्याने कमी होत नाही.

स्टेप ७ : कागदावरच्या गोष्टी परत आणणं

रोवणीचं सांगते. चिखलात तासन्‌तास उभं राहून परे लावणं काकूला परत करू दिलं नाही, पाण्यातली घाण, जखम, लेप्टोचा (घाणेरड्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) धोका, डॉक्टर स्पष्ट नाही म्हणाले. पण तिला हवं होतं ते नेमकं काय हे विचारल्यावर कळलं की तिला बायकांमध्ये असायचं होतं, गाणी म्हणायची होती, बांधीवर कोण कसं लावतंय यावर ओरडायचं होतं. बांधावर खुर्ची, पाय उलट्या टोपलीवर, गमबूट, सकाळचे दोन तास. आता तिचा आवाज अख्ख्या शिवारात ऐकू येतो. तुमच्याकडे रोवणी नसेल, वारी असेल. पूर्ण वाट पायी करायचा हट्ट न धरता रोजचा थोडा टप्पा चालून बाकी गाडीत पाय वर करून, दोन जोड मोजे, क्रीम, अँटिबायोटिकची चिठ्ठी सोबत, असं डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं.

जोडवी त्या पायात रुततात, विरोदे तर जास्तच. सोनाराकडून उघडी, मोठ्या मापाची करून घ्या आणि कार्यक्रमापुरतीच घाला, किंवा फक्त दुसऱ्या पायात. कोणी बोललं तर बोलू द्या. पैंजण, घट्ट कडेची सलवार, लेगिंग, परकराची आवळलेली नाडी, या सगळ्यांचा वळ उठत असेल तर बदला. साडीत आणि घेरदार पायजम्यात मोजा दिसत पण नाही. हाताला सूज असेल तर हेच बांगड्यांचं आणि अंगठीचं, आणि बीपी, इंजेक्शन शक्यतो दुसऱ्या हाताला, पण इमर्जन्सीत त्याच हाताला सुई लावली तर घाबरून जाऊ नका.

मांडी घालून बराच वेळ बसलं की जांघेत घडी पडते. जेवणापुरतं बसा, मग पाय लांब. उकिडवं बसणं जड जात असेल तर कमोड किंवा कमोडची खुर्ची. स्वयंपाकात उभं राहायच्या ऐवजी उंच स्टूल. एसटीच्या लांब प्रवासात खिडकीचा मोह सोडून पॅसेजची सीट, पाऊल हलवत राहायचं, थांबा आला की खाली उतरायचं. चप्पल घेताना संध्याकाळी घ्या, बेल्ट सैल-घट्ट होणारी.

एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. जांघेच्या ऑपरेशननंतर कधी कधी लघवीच्या जागी पण सूज येते. पुरुष ती हायड्रोसील समजून लपवतात, बायका तर सांगतच नाहीत. सांगा. त्याचे वेगळे आधाराचे कपडे असतात, वेगळं ड्रेनेज असतं. नवरा-बायकोच्या संबंधात पण अडचण येते, पाय जड, मोज्याची लाज, इन्फेक्शनची भीती. डॉक्टर विचारणार नाहीत, तुम्हीच विषय काढा.

मनाचं पण तसंच. कॅन्सरमधून वाचल्यावर पायाची काय तक्रार, असं लोक म्हणतात आणि पेशंट गप्प बसतो. महिनोन्‌महिने झोप नाही, चिडचिड, लग्नाकार्याला जाणं बंद, असं असेल तर कौन्सेलर किंवा सायकियाट्रिस्ट हा पण ट्रीटमेंटचाच भाग धरा.

मशीन, गोळ्या, ऑपरेशन

हवेच्या पंपाचं मशीन जोडीला ठीक आहे, एकटं पुरत नाही, आणि जांघेच्या पेशंटमध्ये पायातलं पाणी वर ढकललं जाऊन लघवीच्या जागी सूज येऊ शकते, म्हणून थेरपिस्टला विचारल्याशिवाय विकत घेऊ नका. लघवीच्या गोळ्यांनी पाणी निघतं पण प्रोटीन तिथेच राहतं, ते परत पाणी ओढतं, म्हणून फक्त या सुजेसाठी त्या कायम घेण्यात अर्थ नाही. बीपी-हार्टसाठी चालू असतील तर मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

ऑपरेशनं आहेत. लिम्फच्या बारीक नळ्या शिरेला जोडणारं एलव्हीए, दुसरीकडची गाठ आणून लावणं, आणि जुन्या सुजेत साचलेली चरबी काढणारं लायपोसक्शन. एलव्हीए लवकरच्या टप्प्यात जास्त कामाचं, कातडी टणक झाल्यावर कमी. लायपोसक्शननंतर मोजा कायम घालावाच लागतो, हे पैसे भरायच्या आधी दोनदा विचारून घ्या. "मोजा सुटेल" अशी गॅरंटी कोणी देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

शेवटी फाइल. एका प्लास्टिकच्या पाऊचमध्ये ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद, बायोप्सी रिपोर्ट, मापाची वही, स्टॉकिंगचं माप आणि क्लास, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते, मागच्या इन्फेक्शनला कोणती अँटिबायोटिक लागू पडली ते, आणि थेरपिस्टचा नंबर. गावातल्या डॉक्टरकडे रात्री जावं लागलं तर त्यांना हा पाय असाच असतो की आज बिघडलाय हे त्यावरूनच कळतं. पायाचा चांगल्या दिवसातला एक फोटो पण त्यात टाका.